वाङ्मयांतील चेटकीण

मराठींत कांहीं शब्द असे आहेत कीं, ते उच्चारतांना शहरांतला मनुष्य हंसतो आणि खेड्यांतला मनुष्य आवाज उतरवितो. 'चेटकीण' हा त्यांपैकीं एक. सुशिक्षित कुटुंबांतून तो आतां मुलांच्या नाटकांत, भयकथेच्या वेष्टनावर किंवा एखाद्या तोंडाळ शेजारणीच्या वर्णनांतच भेटतो. त्यामुळें या शब्दाचें खरें आयुष्य केव्हांच संपलें, उरली आहे ती केवळ करमणूक, अशी आपली समजूत होते. ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाहीं. १ मे २०२४ रोजीं, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनादिनींच, गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत बारसेवाडा या गांवीं एका स्त्रीला व एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळण्यांत आलें. पोलिसांनीं पंधरा गांवकऱ्यांस पकडलें. त्यांत त्या स्त्रीचा पति आणि पुत्र हेहि होते. त्यापूर्वीं, ऑगस्ट २०२१ मध्यें, चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती तालुक्यांत वणी खुर्द येथें सात जणांना, आणि त्यांत वृद्ध स्त्रियांनाहि, करणीच्या संशयावरून भर चौकांत बांधून मारण्यांत आलें होतें.

असले प्रकार वृत्तपत्रांच्या स्तंभांत येतात आणि आठवड्याभरांत विस्मरणांत जातात. पोलीस, न्यायाधीश व समाजसुधारक यांनीं त्यांचा विचार करावा हें ओघानेंच आलें. प्रस्तुत लेखांत आम्हांला विचारावयाचें आहे तें निराळें आहे. ज्या स्त्रीला गांव चेटकीण ठरवितें, तिला वाङ्मय काय ठरवितें? गांवानें जो डोळा तिच्यावर रोखला तोच लेखकानेंहि उसना घेतला आहे, कीं त्यानें तिच्या डोळ्यांनीं गांवाकडे पाहिलें आहे? हा प्रश्न वाङ्मयाच्या बाहेरचा आहे असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. गोष्ट कोणाच्या बाजूला उभें राहून सांगितली आहे, हा कथाकलेचा पहिला प्रश्न आहे. या विषयांत तर तो शेवटचाहि आहे.

चेटकिणीसंबंधीं जें लेखन आम्हांस ठाऊक आहे त्याचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात: संग्राहकांचें, करमणूक करणाऱ्यांचें आणि ज्यांस खऱ्या अर्थानें साहित्य म्हणावें असें.

पहिल्या वर्गांत, कोंकणापुरतें बोलावयाचें तर, आर. ई. एन्थोवेन यांनीं १९१५ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केलेला कोंकणच्या लोकसमजुतींचा संग्रह येतो. त्याची मूळ सामग्री जमविली होती ती ए. एम. टी. जॅक्सन यांनीं, २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें जे मारले गेले, तेच हे विद्याव्यासंगी कलेक्टर. गांवोगांवच्या शाळामास्तरांकडे प्रश्न धाडावयाचे आणि त्यांचीं उत्तरें एकत्र करावयाचीं, अशी ही पद्धति. पाऊस, ग्रहण, ग्रामदेवता, रोगदेवता, भुतेंखेतें, दृष्ट, नाग, झाडें या सर्वांची नोंद होतां होतां चेटुकाचीहि नोंद झाली. कोंकणच्या शाळामास्तरांनीं केलेलें हें काम मोठ्या मोलाचें आहे. त्यांनीं तें केलें नसतें तर आमच्या आजेपणजांच्या मनांत काय काय वावरत होतें याचा पुरावा आज फारच थोडा उरला असता.

परंतु या ग्रंथाची भाषा पाहावी. 'असें मानतात', 'अशी समजूत आहे', 'असा उपाय करतात' या वळणाच्या वाक्यांनीं तो भरलेला आहे. मानणारे कोण आणि कोणाविषयीं मानतात, हें अशा वाक्याला सांगावेंच लागत नाहीं. विद्या कोणत्या रात्रीं साधतात, तिचा उतारा काय, हें कळतें. पण जिच्यावर हा उतारा चालविला, तिचें घर कोणतें, तिला मुलें होतीं कीं नव्हतीं, तिच्या वाट्याची जमीन कोणाच्या जमिनीला लागून होती, हें कळत नाहीं. समजूत सांपडते, बाई सांपडत नाहीं. हा संग्राहकांचा दुष्टपणा नव्हे; त्यांच्या लेखनप्रकाराची ती मर्यादा आहे. कर्ता व कर्म दोन्ही गाळलेल्या वाक्यांत अपराध राहूं शकत नाहीं.

आम्ही हें लिहितों तें रत्नागिरी तालुक्यांतील पाली या गांवीं बसून. मुंबई–गोवा हमरस्ता येथून जातो. ज्याच्या हातांत भ्रमणध्वनि नाहीं असा तरुण येथें दाखविणें कठीण. आमच्या या बाजूला ही गोष्ट दगडकाठीनें होत नाहीं, ती कुजबुजीनें होते. गाय एकाएकीं आटते. पोर खंगत जातें. ऐन मोहोराच्या दिवसांत एकाचीं कलमें करपून काळीं पडतात आणि बांधापलीकडे चुलतभावाचीं मात्र लदलदून येतात. आतां मोहोरावर तुडतुडा पडतो हें बागाईतदाराला काय ठाऊक नसतें? फवारणी करणाराहि तोच असतो. परंतु तुडतुडा पडला तो माझ्याच कलमांवर कां, आणि याच वर्षीं कां, या प्रश्नाचें उत्तर फवारणीच्या पंपांत नाहीं. तेथें 'कोणाचें तरी आहे' हें वाक्य येतें. या 'कोणाचें तरी' मध्यें अजून कोणाचेंहि नांव नाहीं. देवळांत गाऱ्हाणें घालतात तेव्हांहि ज्यानें वाकडें केलें असेल त्याचें नांव घेतलेलें नसतें. नांव येतें तें पुढें, कौलानंतर किंवा भगताकडे जाऊन आल्यावर. आणि तें बहुधा अशा स्त्रीचें असतें कीं, जिच्यामागें उभें राहण्यास कोणी नाहीं. मग तिला हळदीकुंकवाचें बोलावणें जात नाहीं. तिची सावली दिसतांच आई मुलाला पदराखालीं घेते. तिनें दिलेला नारळ कोणी फोडीत नाहीं. कोणी तिला मारीत नाहीं, आणि तरीहि तिचें गांवांतील जिणें संपलेलें असतें.

हा विचारक्रम कोंकणाचा खास आहे असें मात्र नव्हे. तेव्हांच्या सुदानच्या दक्षिण भागांतील अझान्दे लोकांविषयीं इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानवशास्त्रज्ञाचा जो ग्रंथ १९३७ सालीं निघाला, त्यांत धान्याच्या कोठाराचें उदाहरण आहे. उन्हाच्या वेळीं लोक कोठाराच्या सावलींत बसतात. एखादे वेळीं तें कोसळून माणसें दगावतात. खांब वाळवीनें खाल्ले होते हें अझान्दे लोकांना पक्कें माहीत असतें. परंतु नेमकीं हींच माणसें खालीं बसलीं असतांना तें नेमकें त्याच क्षणीं कां पडावें, याचें उत्तर त्यांना चेटुकांत मिळतें. वाळवीच्या जागीं तुडतुडा घातला कीं तें कोठार आमच्या परसांत येऊन उभें राहतें. याच ग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हांला अधिक विचार करण्यासारखी वाटते. प्रश्नांतीं ज्याचें नांव निघालें त्याच्याकडे कोंबडीचा पंख पाठविण्यांत येई. त्यानें तोंडांत पाणी घेऊन पंखावर फुंकावें आणि आपल्या मनांत कांहीं वाईट नव्हतें, नकळत कांहीं झालें असेल तर तें शांत होवो, असें म्हणावें. एवढ्यावर बहुधा तें प्रकरण मिटे. म्हणजे ज्यांस आमचे सुशिक्षित लोक बेलाशक रानटी म्हणतात, त्यांनीं आरोपितालाहि अब्रूनें बाहेर पडण्याची एक वाट ठेविली होती. आमच्या गांवांनीं तीहि ठेविलेली नाहीं.

अर्थात् आफ्रिका खंडांत सर्वत्र असें सौम्य राज्य आहे असें नाहीं. घाना देशाच्या उत्तर भागांत गांबागा इत्यादि ठिकाणीं अशा आरोपामुळें घराबाहेर काढलेल्या स्त्रियांच्या वसाहती आहेत. त्यांत बहुतेक वृद्ध व विधवा आहेत. जुलै २०२० मध्यें काफाबा या गांवीं नव्वदीच्या एका वृद्धेला भर दिवसां लोकांच्या देखत मारण्यांत आलें. त्यानंतर २०२३ सालीं तेथील संसदेनें असा आरोप करणें हाच गुन्हा ठरविणारें विधेयक संमत केलें. पण तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनीं त्यास मान्यता दिली नाहीं. चेटकीण कोण याचा निर्णय शेवटीं कोणत्याहि मुलुखांत एकाच कसोटीवर होतो: जिला बोलतां येतें पण जिचें कोणी ऐकत नाहीं, ती.

आतां दुसरा वर्ग. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'मधील तीन चेटकिणी मराठी रंगभूमीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम महादेव परांजपे यांच्या 'मानाजीराव' या रूपान्तरानें आल्या आणि पुढें १९५४ सालीं वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुटा'बरोबर पुन्हां आल्या. बालरंगभूमीवर रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'नें चेटकिणीला घरोघर नेलें. ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनीं आणि अलीकडे वैभव मांगले यांनीं केली. रंगभूमीवरील आमची सर्वांत लोकप्रिय चेटकीण पुरुषच होत आला, ही मौजेची गोष्ट आहे. या नाटकाला आम्ही दोष देणार नाहीं. लांब नाक, फाटका आवाज आणि फजीत होणारी दुष्टाई हा एक मुखवटा आहे, हें पांच वर्षांचें पोरहि जाणतें. नाटक पाहून घरीं गेल्यावर शेजारच्या आजीबाईकडे तें संशयानें पाहत नाहीं.

भयकथेची गोष्ट वेगळी आहे. नारायण धारप यांच्या 'चेटकीण' या कादंबरीपासून नियतकालिकांतील असंख्य कथांपर्यंत या प्रकाराचा मराठी वाचकवर्ग मोठा आहे, आणि धारपांचें वातावरण उभें करण्याचें कसब कोणीहि मान्य करील. परंतु या वाङ्मयप्रकाराची घडणच अशी आहे कीं, चेटकीण ही खरोखर चेटकीण निघालीच पाहिजे. ती तशी न निघाली तर वाचकाची फसवणूक झाली. म्हणून कथेच्या आरंभीं हंसणारा, शिकलेला, शहरांतून आलेला पाहुणा शेवटीं पस्तावतो. आणि 'त्या घराकडे जाऊं नका' असें सांगणारा म्हातारा गडी खरा ठरतो. म्हणजे भयकथा ही आपल्या रचनेनेंच गांवाच्या बाजूनें निकाल देते. कोणताहि भयकथाकार बाईला मारा असें सांगत नाहीं. पण संशय घेणारा शहाणा आणि संशय न घेणारा मूर्ख, हा धडा दर वेळीं गिरविला जातो. आणि करमणूक म्हणून वाचलेला धडा आपण उपदेश म्हणून वाचलेल्या धड्याइतक्या सहज विसरत नाहीं.

तिसऱ्या वर्गांत पाश्चात्य नाटकांपैकीं आर्थर मिलरचें 'द क्रूसिबल' (१९५३) सर्वांच्या डोळ्यांपुढें येतें. अमेरिकेंतील सेलम येथें १६९२ सालीं जो चेटकिणींचा खटला झाला, त्यांत एकोणीस जणांस फांशीं दिलें आणि एका वृद्ध शेतकऱ्यास दगडांखालीं चिरडून मारलें. फांशीं गेलेल्यांत चौदा स्त्रिया होत्या. पहिल्यानें पकडल्या गेल्या त्या तिघी: एक गुलाम, एक भिकारीण आणि एक आजारी बाई. निकाल देणारे मात्र अडाणी नव्हते. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन हे हार्वर्ड येथें शिकलेले होते. आपल्या काळांतील कम्युनिस्टांच्या शिकारीला मिलरनें या इतिहासाचा आरसा दाखविला. नाटक मोठें आहे याबद्दल वाद नाहीं. पण त्यांत मिलरनें इतिहासाला दिलेलें वळण पाहावें. आरोप करणारी ॲबिगेल ही प्रत्यक्षांत अकरा-बारा वर्षांची पोर होती. तिला त्यानें सतरा वर्षांची केली. प्रॉक्टर साठीला आलेला गृहस्थ होता. त्याला तिशीत आणला आणि दोघांचा चोरटा संबंध कल्पिला. याचा परिणाम असा झाला कीं, गांवाच्या जमिनीच्या भांडणांतून, भीतींतून व धर्मवेडांतून उठलेलें संकट एका मत्सरी मुलीच्या पदरांत पडलें. आणि स्त्रियांच्या मरणाच्या कथेंत नायकपद मिळालें तें पुरुषाच्या सदसद्विवेकबुद्धीला. तितुबा ही गुलाम स्त्री, जिच्यापासून सर्व सुरू झालें, ती दुय्यमच राहिली. ही उणीव भासली म्हणूनच कीं काय, ग्वादलूप बेटांतील लेखिका मारीझ काँदे हिनें १९८६ सालीं तितुबेच्या तोंडूनच सर्व कहाणी सांगणारी फ्रेंच कादंबरी लिहिली.

हिंदुस्थानी भाषांपुरतें पाहूं जातां या विषयावरची आमच्या मतें सर्वांत समर्थ कृति म्हणजे महाश्वेता देवी यांची 'बायेन' ही बंगाली कथा. ती आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं वाचली नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगावयाची तर अशी. चंडीदासी ही डोम जातीची तरुणी. मेलेल्या लहान मुलांना पुरणें आणि त्यांच्या थडग्यांची कोल्ह्यांपासून राखण करणें हें तिच्या घराण्याचें वंशपरंपरेचें काम. मालिंदर हा तिचा नवरा. त्याला आपली सही करतां येते याचा त्याला अभिमान आहे. तिला स्वतःला मूल होतें आणि तेव्हांपासून परक्या मुलांवर माती लोटतांना तिचा हात कापूं लागतो. हें काम सोडावें असें तिला वाटतें. वस्तींत देवी येतात, नात्यांतली एक मुलगी दगावते आणि संशय तिच्याकडे वळतो. एका रात्रीं ती थडग्यांवर कांटे घालण्यास गेली असतां लोक तिला गांठतात. तिच्या छातींत तान्ह्याकरितां दाटलेलें दूध पाझरत असतें. लोकांस तोच पुरावा वाटतो. आणि 'ही बायेन आहे' असा पुकारा तिचा नवराच ढोल वाजवून करतो.

डाइणीला मारून टाकतात. बायेनीला मारीत नाहींत, कारण ती मेली तर मुलें मरतात, असा समज. म्हणून तिला गांवाबाहेर रेल्वेच्या रुळांजवळ झोपडींत ठेवतात. ती चालूं लागली कीं पत्र्याचा आवाज करीत चालते, म्हणजे लोकांनीं दूर व्हावें. तिचा मुलगा भगीरथ मोठा होतो आणि ती बायेन आपली आई आहे हें त्याला बापाच्या तोंडून कळतें. शेवटीं एका रात्रीं दरोडेखोर रुळांवर बांबू रचून ठेवतात. ती पाहते, ओरडते, येणाऱ्या गाडीसमोर हात पसरून उभी राहते, आणि गाडी वांचवून मरते.

या कथेंत लेखिकेनें कोठेंहि अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यान दिलेलें नाहीं. तिनें केलें आहे तें इतकेंच कीं, गांवानें जें पुरावा म्हणून पाहिलें तें तिनें तिच्या बाजूनें दाखविलें. रात्रीं थडग्यांजवळ फिरणारी स्त्री हें चेटकिणीचें सर्वमान्य लक्षण. येथें तें एका गरीब बाईचें नेमून दिलेलें काम आहे, आणि तें काम तिच्यावर सोंपविलें आहे तें याच गांवानें. गांवाला आपल्या मुलांचीं प्रेतें पुरणारें कोणी तरी हवें असतें, आणि तें पुरणाऱ्याची भीतीहि वाटते. ही भीति म्हणजे त्याच्या स्वतःच्या व्यवहाराची सावली होय. दुसरें असें कीं, चंडीदासी ही देवता नाहीं. एकलेपणांत तिलाहि कधीं कधीं आपल्याविषयीं शंका येते. गाडी येतांना तिच्या मनांत येणारा विचार तर काळीज कापणारा आहे: आपण खरोखर बायेन असतों तर आपल्या हुकुमांतल्या भुतांनीं ही गाडी थांबविली नसती काय? आपण कोण नाहीं याचा निर्णय तिला त्या क्षणीं होतो. तिसरें म्हणजे मालिंदर. तो राक्षस नाहीं. बायकोवर त्याचा जीव होता. आणि म्हणूनच त्याच्या हातांतला ढोल वाचकाला असह्य होतो. हा प्रसंग अतिरंजित आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं बारसेवाड्याच्या आरोपींच्या यादींतील पति व पुत्र आठवावेत. घरांतला मनुष्य आपल्या माणसाच्या बाजूला उभा राहिला तर उद्यां त्याच्याकडेहि बोट वळतें. हें भय प्रेमाहून बळकट ठरूं शकतें, हें लेखिकेनें ओळखलें.

या कथेवर एक आक्षेप घेण्यासारखा आहे आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. निर्दोष ठरण्यासाठीं चंडीदासीला मरावेंच कां लागावें? सीतेपासून आमच्याकडे स्त्रीच्या शुद्धतेचा निकाल अग्नि किंवा धरणी यांच्याकडून घेण्याची वहिवाट आहे. रूळ हे त्याच मालिकेंतलें आधुनिक साधन नव्हे काय? ज्या बाईला गाडी वांचविण्याची संधि मिळाली नाहीं, जी केवळ झोपडींत बसून म्हातारी झाली, ती मग बायेनच समजावयाची काय? आक्षेप वजनदार आहे. शेकडों गाडीवाल्यांचे प्राण वांचविणें ही पात्रतेची अट होऊं लागली तर तो न्याय नव्हे, बक्षीस होय. आमच्या मतें लेखिकेला याची जाणीव होती. रेल्वे खात्याकडून गौरवाची गोष्ट निघते आणि सरकारी मनुष्य मृत बाईचें नांव लिहून घेऊं लागतो, तेव्हां गांव गप्प राहतें. आणि भगीरथ पुढें होऊन सांगतो कीं, ही माझी आई, हिचें नांव अमुक, हिचा पति अमुक, हिचें गांव अमुक. कथेचा खरा शेवट गाडीखालीं होत नाहीं, या नोंदवहींत होतो. गांवानें तिचें नांव काढून घेऊन तिला एक जातिवाचक शब्द दिला होता. मुलगा तो शब्द परत करून तिचें नांव मागून घेतो. तिचा त्याग लोकांना दिपवितो. मुलाला तो दिपवीत नाहीं, कारण त्याला फक्त आई हवी असते. तरीहि आम्ही म्हणूं कीं, या विषयावरची पुढली मोठी कथा अशी असावी, कीं तींत ती बाई शेवटपर्यंत कांहींच असामान्य करीत नाहीं, आणि तरी वाचक तिच्या बाजूला असतो.

मराठींत या तोडीचें काय आहे? उत्तर देतांना संकोच वाटतो. कोंकणचें कथावाङ्मय भुतांनीं, देवचारांनीं आणि शापांनीं समृद्ध आहे. आरोपाच्या कक्षेच्या जवळ येणारी एक श्रेष्ठ कृति म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर यांची 'चानी', वि. शांताराम यांनीं १९७७ सालीं तिचा चित्रपटहि केला. गोऱ्या पुरुषाच्या संबंधांतून झालेली, वेगळ्याच रंगरूपाची ही मुलगी गांवानें बाहेर टाकली आहे. खानोलकरांची करुणा निःसंशय आहे. परंतु त्यांच्या सृष्टींत माणसाच्या अपराधावर नियतीचें आभाळ इतकें दाटून येतें कीं, पाऊस कोणी पाडला हें विचारणेंच व्यर्थ वाटूं लागतें. चानीचें दुःख कोंकणच्या रानाइतकें खोल व सुंदर होतें. पण तें जें सुंदर होतें त्यामुळें गांवाला थोडें सुटल्यासारखें होतें. चुलतभावाची जमीन, भगताची दक्षिणा, पाटलाचें मौन यांचा हिशेब नियतीच्या खात्यावर मांडतां येत नाहीं.

नंदुरबारकडील डाकीण-प्रथेविषयीं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीं पुष्कळ लिहिलें व भोगलें आहे. डॉ. नरेन्द्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला आणि ज्या कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झगडत होते तो त्याच वर्षीं डिसेंबरांत संमत झाला. बिहारनें १९९९ मध्यें, झारखंडनें २००१ मध्यें आणि छत्तीसगडनें २००५ मध्यें अशा आरोपांविरुद्ध कायदे केले होते. महाराष्ट्राचा कायदा अधिक व्यापक आहे. त्याच्या अनुसूचींत बारा प्रकार दिले असून, अमुक व्यक्ति करणी करते, तिच्यामुळें रोगराई किंवा संकट येतें असें जाहीर करणें हाहि त्यांतील एक गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. कायद्यानें नेमकी जागा धरली आहे असें आम्हांस वाटतें. मनांत भिण्याची बंदी त्याला करतां येत नाहीं; नांव घेण्याची करतां येते, आणि हिंसेचा आरंभ नांव घेण्यापासूनच होतो. परंतु कायदा घेतलेल्या नांवापर्यंतच पोंचतो. पालीसारख्या गांवांत जेथें उघड नांव न घेतां केवळ पदर आवरून घेतला जातो, तेथें पंचनामा कशाचा करावयाचा? त्या ठिकाणीं कायद्याची हद्द संपते आणि कथाकाराची सुरू होते.

मराठी लेखकानें ही जागा मोकळी कां ठेवली, याचें कारण आमच्या मतें असें कीं, आपला लेखक बहुधा शहरांतून सुटीला गांवीं येणारा राहिला. भूत त्याला आजीच्या गोष्टींतून मिळालें. तें गोड आठवणीचा भाग झालें. जिला गांव भीत होतें ती बाई मात्र त्याला दिसली नाहीं, कारण तिच्या घराकडे जाऊं नये असें त्यालाहि लहानपणीं सांगितलेलें होतें. ती वाट जी त्यानें आईच्या सांगण्यावरून टाळली, तीच लेखक झाल्यावरहि संवयीनें टाळली. सुशिक्षित घरांतून यापेक्षां वेगळें काय होतें? आपण चेटकीण मानीत नाहीं; पण मुलाची दृष्ट काढतांना आदल्या दिवशीं घरीं कोण येऊन गेली हें मनांतल्या मनांत आठवून पाहतों. मीठमोहऱ्यांचा तो तडतडाट निरुपद्रवी आहे असें आपण म्हणतों. ज्या बाईचें नांव त्या वेळीं मनांत आलें, तिला पुढल्या खेपेस आपण चहा विचारतों कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून तो निरुपद्रवी आहे असें ठरवितां येणार नाहीं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं कोंकणच्या शाळामास्तरांनीं कलेक्टरसाहेबांच्या प्रश्नांना उत्तरें लिहून गांवाची समजूत जपून ठेवली. आज गांवांतल्या शाळेंत शिकविणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा दवाखान्यांत नोकरी करणाऱ्या कोणीतरी, आणि ती स्त्री असेल तर फारच उत्तम, त्या उत्तरांत गाळलेली बाई लिहावी. तिला सद्गुणांची पुतळी करूं नये. ती भांडखोर असेल तर भांडखोर दाखवावी, कारण भांडखोर स्त्रीलाहि घराबाहेर काढण्याचा कोणास अधिकार नाहीं. तिच्या परड्यांत कोणतीं झाडें आहेत, सातबारावर तिचें नांव लागलें आहे कीं नाहीं, सांजवेळीं तिच्या दारावरून कोण जातो आणि कोण वळसा घेतो, एवढें जरी खरें लिहिलें तरी पुरे आहे. असें पुस्तक मराठींत आलें म्हणजे त्याचा परिचय याच पानांतून करून देण्यास आम्हांस आनंद वाटेल.